शनिवार दुसऱ्यांदा विकता येत नाही: लाइव्ह बँड ठेवणाऱ्या हॉटेल, पब आणि लॉनच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक आणि गोवा इथे ज्यांच्या हॉटेलात, पबमध्ये, कॅफेत, क्लबात किंवा लॉनवर लाइव्ह बँड वाजतो ती सर्व मालक आणि मॅनेजर मंडळी, तसेच त्यांच्या संघटना यांस,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी दुपारी तीन वाजता व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘आज बँड नको. रिझर्व्हेशन कमी आहेत. पुढच्या महिन्यात बघू.’ लिहायला अर्धं मिनिट लागतं. पण तो येतो तेव्हा टेम्पो अर्धा भरलेला असतो. तळाशी स्टँडची बॅग, कारण सगळ्यांत जड तीच. तिच्या शेजारी बेस ॲम्प, त्याला टेकून बावीस इंची किक ड्रम, वर टॉम आणि स्नेअर, सिंबल दबू नयेत म्हणून सगळ्यांत शेवटी, कीबोर्ड कडेला उभा बांधलेला. साडेतीनला निघालेला टेम्पो पाचला तुमच्या किचनमागच्या दाराशी लागतो. पाच ते सहा मांडामांड आणि वायरी, सहा ते साडेसहा साउंडचेक. सातपासून टेबलं भरायला लागतात, त्याआधी सगळं आटपावंच लागतं. अशा दिवशी तीन वाजता आलेला नकार हा आदल्या आठवड्यात आलेल्या नकारासारखा नसतो. त्या दिवसाचा बहुतेक खर्च तोवर होऊन गेलेला असतो.

हे पत्र भांडणासाठी नाही. तुम्ही जागा देता, म्हणून शहरात लाइव्ह संगीत ऐकायला मिळतं. बुकिंग रद्द करण्याचा तुमचा हक्कही आम्ही नाकारत नाही. धंद्यात ठरलेलं बदलतं. आमची मागणी एकच आहे. रद्द केल्यास किती द्यायचे हे तारीख धरतानाच ठरलेलं असावं, एका पानावर लिहिलेलं असावं आणि दोन्ही बाजूंना सारखंच लागू असावं.

ही काही नवी रीत नव्हे. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, तमाशा, सगळीकडे बुकिंगला सुपारी म्हणतात, मानधनाला बिदागी आणि आगाऊ रकमेला इसार. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, समोरासमोर बसून तारीख आणि बिदागी ठरवतात, आणि आगाऊ रक्कम हातात पडल्यावरच सुपारी पक्की होते. शहरातल्या हॉटेलांत मात्र चाळीस हजारांचं काम व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर ठरतं. अंगठा देणारा मॅनेजर दोन महिन्यांनी दुसरीकडे जातो आणि त्याच्या फोनबरोबर आमची तारीखही जाते.

चाळीस हजारांचा हिशोब मांडून दाखवतो. समजा पाच जणांचा बँड आहे: गायक, गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम. प्रत्येकी सहा हजार धरले तर तीस हजार झाले. साउंड इंजिनिअरचे साडेतीन हजार, टेम्पो जाऊन-येऊन चार हजार, त्या कार्यक्रमासाठी दोन-दोन तासांच्या दोन प्रॅक्टिस, तासाला पाचशे रुपयांच्या जॅमरूममध्ये, म्हणजे दोन हजार. उरले पाचशे, त्यात गिटारच्या तारा आणि ड्रमस्टिक. त्याच दिवशी रद्द झालं की जॅमरूमचे पैसे आधीच गेलेले असतात. टेम्पोवाला निम्मे भाडे घेतो आणि त्यात त्याची चूक नाही. इंजिनिअरने त्या दिवसासाठी दुसरं काम नाकारलेलं असतं, त्यालाही निदान निम्मे द्यावेच लागतात. म्हणजे पावणेसहा हजार खिशातून, आणि पाच माणसांचा शनिवार फुकट.

या शनिवारचा हिशोब वेगळा समजून घ्यायला हवा. वर्षात शनिवार बावन्न. पावसाचे चार महिने लॉन आणि टेरेस बंद, म्हणजे उघड्यावर वाजवणाऱ्यांचे सतरा गेले. राहिले पस्तीस. गोव्यात ख्रिस्ती लग्नांवर ज्यांचं घर चालतं त्यांचे लेंटमधले, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातले, शनिवारही जातात, कारण तेव्हा लग्नं होत नाहीत. शिवाय ड्रमर आणि बेसवाले बहुधा दोन-तीन बँडमध्ये असतात. एका बँडची तारीख लागली की ते बाकीच्यांना नाही म्हणतात, आणि ते बाकीचे तिसऱ्या कुणाला घेतात. तुमचा नकार पंधरा दिवस आधी आला तर ही साखळी थोडीफार परत जुळवता येते. दोन दिवस आधी आला तर येत नाही. हॉटेलची न विकलेली खोली आणि न वाजवलेला शनिवार यांत फरक नाही, आणि खोलीच्या बाबतीत उशिरा रद्द केल्यास पैसे परत नाहीत हा नियम तुम्हीच पाळता.

आता कारणांकडे येतो, कारण बहुतेक कारणं आधी दिसत असतात.

पहिलं आणि सगळ्यांत जास्त चालणारं कारण म्हणजे प्रायव्हेट पार्टी. शनिवारचा अख्खा हॉल कुणीतरी वाढदिवसाला मागतो, त्याचा स्वतःचा डीजे असतो, आणि बँडला फोन जातो. या व्यवहारात तुम्हाला नेहमीच्या शनिवारपेक्षा जास्त मिळतात, म्हणूनच तुम्ही तो घेता. तो जरूर घ्या. पण पार्टीचं कोटेशन करताना हॉलभाडं, किमान जेवण, सजावट याखाली ‘बँडचं बुकिंग रद्द करण्याचा खर्च’ अशी एक ओळ घाला. ज्याला तीच तारीख हवी आहे तो ती रक्कम देतो. नाही दिली तर तुमचा बँड आहेच. ही ओळ नसल्यामुळे होतं ते असं की पार्टीची सवलत बँडच्या खिशातून दिली जाते आणि पार्टीवाल्याला ते कळतही नाही.

दुसरं मॅच. आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते आणि अकराच्या पुढे जाते, म्हणजे बँडचे दोन्ही सेट तिच्यात बुडतात. पण साखळी सामन्यांच्या तारखा आधी जाहीर होतात. त्या बघूनच महिन्याचं कॅलेंडर करावं. बाद फेरीचं तसं नसतं. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल शनिवारी, २९ जूनला होती आणि ती तारीख जानेवारीतच जाहीर झाली होती, पण भारत तिच्यात खेळणार हे पक्कं झालं २७ जूनच्या सेमीफायनलनंतर. अशा तारखांसाठी बुकिंगच्या वेळीच एक वाक्य लिहिता येतं: ‘या दिवशी भारताची मॅच असल्यास बँड वाजवणार नाही, बिदागीची निम्मी रक्कम मिळेल.’ आम्ही ते मान्य करू. जोखीम आधी माहीत असली की तिची वाटणी करता येते.

तिसरं कारण आवाजाचं, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण बँड रद्द न करता सुटणारं हेच एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर किंवा वाद्य चालत नाही. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत, आतल्यापुरतं, चालतं. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं. म्हणजे टेरेसवर ‘९ ते १२’ असं बुकिंग घेणं म्हणजे पहिल्याच तासाला बंद पडणारं काम घेणं. उघड्या जागेसाठी वेळ सात ते पावणेदहाच लिहा. पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट आणि दोन ब्रेक त्यात आरामात बसतात.

वेळेइतकीच हद्द महत्त्वाची आहे. दिवसाची, म्हणजे रात्री १० पर्यंतची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल आणि व्यापारी भागात ६५. खासगी जागेतल्या साउंडला तुमच्या हद्दीवर याच्या वर आणखी ५ डेसिबलची मुभा आहे, म्हणजे निवासी भागात ६० आणि व्यापारी भागात ७०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरसमोर एका मीटरवर ९५ डेसिबल असेल आणि हद्दीची भिंत वीस मीटरवर असेल, तर भिंतीपाशी ६९ भरतात. व्यापारी भागात तुम्ही जेमतेम नियमात आहात, निवासी भागात नऊ डेसिबलने बाहेर. बुकिंगच्या दिवशी एक साधा साउंड मीटर घेऊन भिंतीपाशी उभं राहिलं की हे कळतं, त्यासाठी पोलिसांची वाट पाहायला नको.

मीटरला सगळंच कळतं असं मात्र नाही. नियमातलं मोजमाप डेसिबल-ए मध्ये आहे आणि ते खालचे सूर कमी धरतं. शेजारच्या सोसायटीतून तक्रार येते ती बहुतेक वेळा गाण्याची नसते, किक ड्रम आणि बेसच्या धडधडीची असते. सब-वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, थेट स्लॅबवर ठेवला की धडधड काँक्रीटमधून खालच्या आणि शेजारच्या मजल्यावर जाते. मीटर म्हणतो ठीक आहे आणि शेजाऱ्याची खिडकी वाजत असते. सब जाड फोमवर उचलून ठेवा, किंवा लहान जागेत तो लावूच नका. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. स्पीकरची तोंडं इमारतीकडून वळवून पाहुण्यांकडे आणि किंचित खाली करा. बंद खोलीत ड्रमकिट सहज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि त्याला आवाज कमी करायचं बटण नसतं, म्हणून तिथे जाड स्टिकऐवजी काड्यांच्या जुड्या म्हणजे हॉट रॉड वापरता येतात, किंवा ड्रमऐवजी काहोन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका. गिटार आणि बेस ॲम्पशिवाय थेट मिक्सरला जोडता येतात. वादकांनी कानातले मॉनिटर लावले की स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर बंद होतात आणि हॉलमधला गोंगाट लगेच उतरतो.

म्हणून विनंती अशी: आवाजाची तक्रार आली तर बँड रद्द करू नका, लहान करा. गायक, गिटार आणि काहोन असा तिघांचा अनप्लग्ड संच एका मीटरवर ८५ डेसिबलच्या आत ठेवता येतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या निवासी भिंतीपाशी ६० च्या आत. आठवडाभर आधी सांगितलंत तर बिदागीही तिघांच्या हिशोबाने कमी होईल. त्याच दिवशी सांगितलंत तर तिघे वाजवतील, पण पाचही जणांचे पैसे द्यावे लागतील, कारण उरलेल्या दोघांनीही तो दिवस तुम्हाला दिलेला असतो.

याच ओघात परवान्यांचं सांगून टाकतो. लाउडस्पीकरची लेखी परवानगी, पोलिसांचा कार्यक्रमाचा परवाना, गाण्यांच्या कॉपीराइटसाठी आयपीआरएसचा परवाना, ही सगळी जागेची कामं आहेत. यांतलं काही मुदतबाह्य झालं आणि कार्यक्रम थांबला, तर ती बँडवर आलेली आपत्ती नव्हे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यातल्या पब आणि बारची तपासणी झाली, अनेक जागांना सील लागलं, आणि तिथल्या पुढच्या महिन्यांच्या तारखा एका झटक्यात गेल्या. तेव्हापासून आम्ही बुकिंगबरोबर परवान्यांचे फोटो मागतो. त्यात अविश्वास नाही. आचारी कामावर येण्याआधी गॅसची लाइन आहे का विचारतो, तसंच ते आहे.

ड्राय डेला बँड रद्द करणं आम्हाला समजतं, बार बंद तर गल्ला निम्मा. पण २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर दरवर्षी त्याच तारखांना येतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी असते आणि मतमोजणीचा दिवसही सहसा कोरडा जातो. २०२४ च्या विधानसभेची मतमोजणी शनिवारी, २३ नोव्हेंबरला होती. वेळापत्रक १५ ऑक्टोबरला जाहीर झालं. हातात एकोणचाळीस दिवस होते. ज्या दिवशी वेळापत्रक जाहीर होतं त्याच दिवशी कॅलेंडर उघडा आणि फोन करा, इतकंच मागणं आहे.

राष्ट्रीय दुखवट्याचं थोडं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर केंद्राने १ जानेवारीपर्यंत सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला, थर्टी फर्स्टसकट. दुखवट्यात सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत, खासगी हॉटेलवर ती बंदी आपोआप येत नाही. आदर म्हणून तुम्ही संगीत बंद ठेवलंत तर त्याचा आम्हीही मान राखू, पण तो तुमचा निर्णय आहे. त्याचा खर्च निदान निम्मा-निम्मा असावा.

गर्दी नाही म्हणून रद्द करणं मात्र आम्हाला कुठल्याही अटीखाली मान्य नाही. गर्दी कमी-जास्त होणं ही जागेची जोखीम आहे. ज्या रात्री तुमचा हॉल दुप्पट भरतो त्या रात्री आम्ही दुप्पट बिदागी मागत नाही. पावसाचंही तेच: जून ते सप्टेंबर उघड्या लॉनवर बुकिंग घ्यायचं तर आतली पर्यायी जागा त्याच पानावर लिहा, नाहीतर बुकिंग घेऊ नका.

काही तारखा साउंडचेकला मोडतात, विजेपायी. बँडला वेगवेगळ्या लाइनचे, नीट अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे दोन पॉइंट लागतात. फ्रीज, एसी किंवा दिव्यांच्या डिमरच्या लाइनवर जोडलं की स्पीकरमध्ये घुमारा येतो किंवा मध्येच ट्रिप होतं. अर्थिंग नसेल तर माइकला ओठ लागताच गायकाला झटका बसू शकतो, आणि त्या स्टेजवर कुणीही उभं राहू नये. आदल्या दिवशी तुमच्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटं दिली तर हे सगळं टळतं.

आता ते पान. त्यात सगळ्यांत वर जागेचं नाव दोनदा हवं: पाटीवरचं आणि जीएसटी बिलावरचं. ही दोन नावं अनेकदा वेगळी असतात, आणि वाद झाला की पत्र कुणाच्या नावे पाठवायचं इथूनच अडतं. मध्ये एजंट किंवा इव्हेंटवाला असेल तर पैसे कोण देणार, जागा की एजंट, हे एका वाक्यात स्पष्ट हवं. मॅनेजर बदलला तरी बुकिंग जागेचं आहे असं लिहिलेलं हवं. तारीख, पोचायची वेळ, सेटच्या वेळा, किती वादक, साउंड कुणाचा, जेवण आणि पार्किंग हे मॅनेजर नेहमी विचारतातच. इसार ५० टक्के, तारीख धरताना. इसार येत नाही तोवर तारीख तुमची नाही आणि आमचीही बांधलेली नाही. उरलेली रक्कम पहिला सेट सुरू होण्याआधी, यूपीआयने. ‘अकाउंट्समधून महिन्याच्या शेवटी’ हे आम्हाला चालत नाही, कारण टेम्पोवाला रात्रीच पैसे मागतो.

रद्द करण्याची आमची टक्केवारी अशी आहे. तीस दिवसांहून आधी कळवलंत तर बिदागीच्या दहा टक्के, इसारातले बाकीचे तीन दिवसांत परत. तीस ते पंधरा दिवसांत पंचवीस टक्के. चौदा ते सात दिवसांत पन्नास, म्हणजे इसार आमच्याकडे राहील. सहा दिवस ते ४८ तासांपर्यंत पंचाहत्तर. त्याच्या आत, किंवा आम्ही दारात पोचल्यावर, पूर्ण. बाहेरगावची तिकिटं आणि मुक्काम काढलेला असेल तर तो खर्च बिलाप्रमाणे वेगळा. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला ही टक्केवारीची पट्टी लागू नाही. त्या तारखांसाठी १ डिसेंबरनंतर रद्द केल्यास पूर्ण बिदागी, कारण डिसेंबर लागल्यावर चांगल्या जागेला रिकामा बँड मिळत नाही आणि बँडला रिकामी जागा मिळत नाही. तुम्ही रद्द केलेल्याच तारखेला आम्हाला दुसरं काम मिळालं, तर तुमच्याकडून घेतलेल्यातली निम्मी रक्कम आम्ही परत करू. हे उपकार म्हणून नाही. रिकाम्या बसलेल्या माणसाची आणि काम मिळालेल्या माणसाची नुकसानी सारखी नसते.

बँडने रद्द केलं तर? हीच टक्केवारी आम्ही द्यायची, शिवाय इसार पूर्ण परत. गायकाचा घसा बसला, कुणी आजारी पडलं, तर आम्ही बदली माणूस आणू आणि त्याचं गाणं आधी तुम्हाला ऐकवू. तुम्हाला तो चालला नाही तर इसार परत आणि हिशोब संपला. ज्या बँडला ही अट नको असेल त्याला तुम्हीही तारीख देऊ नये.

‘पुढे ढकललंय, रद्द नाही’ हा एक शब्द मात्र आपण दोघांनी मिळून आवरायला हवा. नवी तारीख नसलेलं पुढे ढकलणं म्हणजे रद्दच. पानावर असं लिहा: सात दिवसांत नवी तारीख द्यायची, ती साठ दिवसांच्या आतली असावी, इसार एकदाच पुढे जाईल, दुसऱ्यांदा ढकललं की पट्टी लागू.

खरंच हाताबाहेरची कारणं असतात. पूर, संचारबंदी, पोलिसांचा सरसकट बंदीहुकूम, आग. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा याबद्दल कुठल्याच व्हॉट्सॲप चॅटमध्ये एक ओळ नव्हती, आणि दिलेल्या इसाराचं काय करायचं यावरून कित्येक जुनी नाती तुटली. अशा वेळी काम अशक्य झालं म्हणून करार संपतो आणि घेतलेली आगाऊ रक्कम परत करायची असते. १८७२ चा करार कायदा, कलम ५६ आणि ६५, हेच सांगतो, आणि आम्हाला ते मान्य आहे. प्रवासाचा झालेला खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, एवढंच पानावर जोडा.

कायद्याचं नाव निघालंच आहे तर दोन ओळी. त्याच कायद्याचं कलम ७३ करार मोडल्यावर झालेल्या नुकसानीची भरपाई देतं. कलम ७४ आधी लिहून ठेवलेली रक्कम कमाल मर्यादा धरून वाजवी भरपाई देतं. म्हणजे पानावरचा आकडा अवास्तव असेल तर कोर्ट तो तसाच उचलून देत नाही. आमची टक्केवारी त्यामुळेच दिवसांनुसार चढते. तोंडी ठरलेलंही करारच असतं आणि व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून देता येतात, फक्त इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वाजवून झालेल्या कामाचे पैसे अडले आणि बँडची आधीपासून उद्यम नोंदणी असेल, तर लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याखाली लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढतं. हे आम्ही धमकी म्हणून लिहीत नाही. कोर्टाच्या एका तारखेला जाणारा दिवस आमचाही असतो, आणि तुमच्याशी पुढच्या वर्षी काम करायचं असतं. पैशाबाबत अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीची मध्यस्थी करता येते, तीच आम्हाला जास्त पसंत आहे.

रद्द करायचीच वेळ आली तर कसं कळवावं, तेही सांगतो. मेसेज टाकून मोकळं होऊ नका. बँडच्या ज्या एका माणसाचा नंबर पानावर आहे त्याला फोन करा आणि मग तेच दोन ओळींत लिहून पाठवा, तारीख आणि कारणासकट. पट्टीप्रमाणे निघणारी रक्कम ४८ तासांत पाठवा. सोशल मीडियावरचं पोस्टर त्याच संध्याकाळी काढा किंवा त्यावर ‘रद्द’ लिहा. आपल्याला ऐकायला म्हणून कुणीतरी डोंबिवलीहून किंवा हडपसरहून निघालेलं असतं. ते दारात येऊन परत गेले की राग तुमच्यावरही निघतो आणि बँडवरही, आणि पुढच्या वेळी ते दोघांकडेही फिरकत नाहीत. तिकीट लावलेलं असेल तर पैसे परत करण्याची जबाबदारी ज्याने तिकीट विकलं त्याची, आणि बुकिंग शुल्कासकट.

मुंबईत हॉटेलवाल्यांची ‘आहार’ ही संघटना आहे, देशपातळीवर रेस्टॉरंटवाल्यांची एनआरएआय आहे, गावोगावी तुमच्या स्थानिक संघटना आहेत. हे पान एकेका मॅनेजरला पटवत फिरण्यापेक्षा संघटनांनी ते आपल्या सभासदांना पाठवावं, त्यात आपल्या सूचना घालाव्यात आणि बँडसोबत एकदा बसून मसुदा पक्का करावा. टक्केवारीवर बोलायला आम्ही तयार आहोत, पंचवीसचे वीस होतील, तीस दिवसांचे पंचेचाळीस होतील. इसाराशिवाय तारीख नाही आणि ४८ तासांच्या आत पूर्ण रक्कम, या दोन गोष्टी मात्र आम्ही सोडणार नाही.

लॉन आणि टेरेस ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडतात आणि डिसेंबरच्या तारखा तेव्हाच धरायला सुरुवात होते. मसुद्यावर बसायचं तर सप्टेंबरचा कुठलाही सोमवार किंवा मंगळवार चालेल. त्या दिवशी तुमच्याकडे गर्दी नसते आणि आम्हीही मोकळे असतो.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपले,
पुणे, मुंबई, नाशिक आणि गोव्यातल्या बँडमधले वादक, गायक आणि साउंड इंजिनिअर